क्रूझचे भाडे, प्रत्यक्ष खर्च आणि विमा : वाचकांचे प्रश्न

क्रूझच्या सहलींबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी नुकतेच निवृत्त झालो आहोत. सात रात्रींच्या एका क्रूझची जाहिरात पाहिली आणि त्याच भागातील हॉटेल, जेवण व प्रवास यांचा खर्च मांडून पाहिला, तेव्हा क्रूझ बरीच स्वस्त वाटली. मात्र जाऊन आलेले परिचित सांगतात की, शेवटी भाड्याच्या दीडपट पैसे जातात. खरे काय मानायचे? बाल्कनीच्या केबिनसाठी जास्त पैसे द्यावेत का?

उत्तर : आपला हिशेब चुकलेला नाही आणि आपल्या परिचितांचेही चुकलेले नाही. आपण जाहिरातीतील भाडे मोजले आहे, त्यांनी घरी परत आल्यावर एकूण किती गेले ते मोजले आहे. मोठ्या जहाजांच्या भाड्यात साधारणपणे केबिन, मुख्य भोजनकक्षातील व बुफेतील जेवण, संध्याकाळचे कार्यक्रम आणि एका बंदरातून दुसऱ्या बंदरापर्यंतचा प्रवास एवढ्याच गोष्टी येतात. हे भाडे माणशी असते आणि एका केबिनमध्ये दोघे राहणार हे त्यात गृहीत धरलेले असते. कर आणि बंदर शुल्क काही कंपन्या जाहिरातीतच मिळवून सांगतात, तर काही ठिकाणी ते पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर प्रथमच दिसते. म्हणून दोन जहाजांची तुलना करायची असेल, तर त्या शेवटच्या पानापर्यंत जाऊन मिळालेल्या रकमांचीच करावी.

त्यानंतर येते ते सेवाशुल्क. बहुतेक मोठ्या जहाजांवर ते दर माणशी, दर दिवशी, केबिनच्या खात्यावर आपोआप लावले जाते आणि कर्मचाऱ्यांत वाटले जाते. खर्च वाचवण्यासाठी ते काढून टाकायला लावावे, असा सल्ला काही प्रवासी देतात. तो मला पटत नाही. केबिन आवरणाऱ्या आणि जेवण वाढणाऱ्या माणसांच्या कमाईचा तो एक मोठा भाग असतो, त्यामुळे हे शुल्क भाड्याचाच भाग समजून पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावे.

जहाजावर रोख पैसे हाताळले जात नाहीत. चढताना आपले क्रेडिट कार्ड नोंदवून घेतात आणि पुढे केबिनचे कार्ड दाखवले की काम होते, त्यामुळे दिवसभरात किती खर्च झाला याचा अंदाज राहत नाही. पेयांच्या पावतीकडे नीट पाहावे. पेयाच्या किमतीखाली बहुधा १८ ते २० टक्के सेवाशुल्क आधीच मिळवलेले असते आणि त्याखाली जादा टिपेसाठी एक रिकामी ओळ ठेवलेली असते. अनेक प्रवासी सवयीने त्या ओळीतही रक्कम लिहितात आणि एकाच सेवेचे पैसे दोनदा देतात. पेयांचे पॅकेज घेताना दोन अटी तपासाव्यात. एकाच केबिनमधील सर्व प्रौढांनी ते घेतलेच पाहिजे, अशी अट अनेक कंपन्यांची असते, आणि ते संपूर्ण प्रवासाचे, म्हणजे ज्या दिवशी आपण सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंदरात असतो त्या दिवसांचेही घ्यावे लागते. जहाजाचे इंटरनेट वेगळे विकले जाते. मोबाईल मात्र बंदर सुटताक्षणीच फ्लाइट मोडवर ठेवावा, कारण तो जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला आपणहून जोडला जाऊ शकतो आणि त्याचे रोमिंग दर जमिनीवरील दरांपेक्षा फार चढे असतात.

केवळ उदाहरणादाखल एक मांडणी करू. मूळ भाडे माणशी १०० धरा. कर व बंदर शुल्क १८ आणि सेवाशुल्क १४ मिळवले की १३२ होतात, आणि हा खर्च टळत नाही. त्यावर कंपनीच्या किनारा सहलींचे, म्हणजे बंदरात उतरून फिरवून आणणाऱ्या सहलींचे, ३० आणि पेये, इंटरनेट, खास रेस्टॉरंट यांचे २० धरले, तर १८२ होतात. तेच प्रवासी बंदरात स्वतः हिंडले आणि या इतर गोष्टींशिवाय राहिले, तर १० जादा धरूनही १४२ वर थांबतात. १४२ आणि १८२ यांच्यातील अंतर आपल्या हातात आहे, १३२ पर्यंतचे नाही. विमानभाडे, व्हिसा आणि विमा यांपैकी काहीही अजून या आकड्यांत आलेले नाही, आणि दूरच्या बंदरातून निघणाऱ्या जहाजासाठी ही रक्कम कधी कधी मूळ भाड्याच्या बरोबरीने जाते. तेव्हा आपण आपल्या वहीत या सर्व रकमा भरून मगच जमिनीवरील सहलीशी तुलना करावी. त्या तुलनेत आणखी एक गोष्ट धरावी, ती म्हणजे वेळ. बहुतेक बंदरांत जहाज दिवसाचे काही तासच थांबते. ज्यांना एका शहरात दोन-तीन दिवस राहून ते निवांत पाहायचे असते, त्यांना क्रूझ स्वस्त पडली तरी समाधान देईलच असे नाही.

बाल्कनीचा निर्णय मार्गावर अवलंबून ठेवावा. जेथे हिमनद्या किंवा फियॉर्ड (उंच कड्यांमधील समुद्राच्या अरुंद खाड्या) जहाजावरूनच पाहायचे असतात आणि समुद्रावरचे दिवस जास्त असतात, तेथे त्या पैशांचा उपयोग होतो. रोज नवे बंदर असेल, तर केबिनमध्ये आपण झोपण्यापुरतेच असतो. कंपनी स्वतः केबिन निवडून देईल या अटीवर मिळणारी केबिन स्वस्त असते, परंतु बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी ती घेऊ नये. त्यांना जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर जागा हवी, कारण तेथे हेलकावे कमी जाणवतात.

एका बाबतीत मात्र काटकसर करू नये. जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच त्या शहरात पोहोचावे. विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही आणि पुढच्या बंदरात स्वखर्चाने जाऊन ते गाठणे दर वेळी शक्यही नसते. हॉटेलच्या एका रात्रीचे पैसे त्या मानाने फारच थोडे असतात.

प्रश्न : माझ्या पतींची अँजिओप्लास्टी झालेली आहे; सध्या प्रकृती उत्तम आहे. बुकिंग करताना जहाज कंपनीने स्वतःचा विमा देऊ केला, पण त्याचा हप्ता मला जास्त वाटला. जहाजावर डॉक्टर असतातच, प्रत्येक बंदरात रुग्णालय असते आणि काही अपघात झालाच तर कायद्याने कंपनी जबाबदार असते. मग विमा कशासाठी घ्यायचा?

उत्तर : आपण दिलेली तिन्ही कारणे अनेकांच्या मनात असतात, म्हणून त्यांचा एकेक करून विचार करू.

जहाजावर डॉक्टर आणि परिचारिका असतात हे खरे आहे. मोठ्या जहाजांच्या दवाखान्यात ईसीजी, ऑक्सिजन, डिफिब्रिलेटर (हृदयाचे ठोके पूर्ववत करण्यासाठी विजेचा झटका देणारे यंत्र), काही रक्ततपासण्या आणि बहुधा रक्ताची गुठळी विरघळवणारे औषधही उपलब्ध असते. अँजिओप्लास्टी करण्याची सोय मात्र तेथे नसते. म्हणजे छातीत दुखू लागलेल्या रुग्णाला स्थिर करणे आणि लवकरात लवकर किनाऱ्यावर पोहोचवणे, एवढेच त्या डॉक्टरांच्या हातात असते. या उपचारांचे बिल खासगी दराने केबिनच्या खात्यावर चढते आणि ते उतरण्यापूर्वी आपल्यालाच भरावे लागते. घरचा आरोग्य विमा समुद्रावर किंवा परदेशात चालतो का, हे पॉलिसीत आधी पाहावे लागते. अनेक पॉलिसी चालत नाहीत.

बंदरात रुग्णालय असते, पण तेथपर्यंत जायचे कसे? हेलिकॉप्टरची पल्ल्याची मर्यादा असते आणि हवामान बिघडले असेल तर ते उडत नाही, त्यामुळे कित्येकदा जहाजच मार्ग बदलून जवळच्या बंदराकडे जाते. ते बंदर लहान बेटावरचे असेल, तर तेथील रुग्णालयात हृदयविकाराच्या उपचारांची सोय असेलच असे नाही, आणि मग रुग्णाला दुसऱ्या शहरात हलवावे लागते. रुग्णाला उतरवून जहाज पुढे निघून जाते. आपण त्या बंदरात पतींसोबत, सामानासह, कदाचित व्हिसाच्या प्रश्नासह मागे राहता. पुढे घरी परतताना रुग्ण बसू शकत नसेल, तर नेहमीच्या विमानात स्ट्रेचरसाठी अनेक आसनांची जागा घ्यावी लागते आणि सोबत वैद्यकीय कर्मचारी लागतो. प्रकृती गंभीर असेल, तर एअर अॅम्ब्युलन्स. या एका प्रवासाचा खर्च संपूर्ण सहलीच्या कित्येक पट होऊ शकतो. आयुष्यभराची बचत यात जाऊ नये, असे मला मनापासून वाटते, आणि म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर मी आडपडदा न ठेवता देतो : वैद्यकीय उपचार आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च यांच्या विम्याशिवाय पतींना घेऊन जहाजावर चढू नका.

तिसरे कारण कायद्याचे. समुद्रमार्गे जाणाऱ्या प्रवाशांबद्दल १९७४ चा अथेन्स करार आहे आणि त्यात सुधारणा करणारा २००२ चा प्रोटोकॉल २०१४ पासून अमलात आहे. त्यानुसार जहाज बुडणे, आदळणे, आग लागणे अशा दुर्घटनेत प्रवाशाचा मृत्यू झाला किंवा त्याला इजा झाली, तर कंपनीची चूक सिद्ध न करताही विशेष आहरण अधिकाराच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबाच्या एककाच्या, २,५०,००० एककांपर्यंत भरपाई मिळू शकते. एकूण कमाल मर्यादा ४,००,००० एकके आहे. हा करार सर्व देशांना व सर्व प्रवासांना लागू नाही. शिवाय ही जबाबदारी दुर्घटनेची आहे. आपल्या शरीरात आधीपासून असलेल्या विकाराने जहाजावर उचल खाल्ली, तर त्याच्याशी कंपनीचा काही संबंध नसतो, आणि क्रूझवर प्रवाशांना प्रत्यक्षात भेडसावतात ते असे आजारच.

आता हप्त्याविषयी. प्रवास विम्यात दोन स्वतंत्र गोष्टी एका हप्त्यात बांधलेल्या असतात आणि त्या वेगळ्या करून पाहिल्या की निर्णय सोपा होतो. पहिली म्हणजे वर सांगितलेले वैद्यकीय संरक्षण. दुसरी म्हणजे सहल रद्द करावी लागल्यास भरलेल्या पैशांची भरपाई. बहुसंख्य कंपन्यांच्या अटींनुसार निघण्याच्या साधारण ९० दिवस आधी पूर्ण रक्कम भरावी लागते. त्यानंतर रद्द केल्यास कापली जाणारी रक्कम टप्प्याटप्प्याने वाढते आणि अखेरच्या दोन-तीन आठवड्यांत बहुधा काहीच परत मिळत नाही. संपूर्ण संरक्षणाच्या पॉलिसीचा हप्ता अनेक ठिकाणी सहलीच्या खर्चाच्या ४ ते १० टक्के असतो. भरलेली रक्कम बुडाली तरी घरातील कशालाही धक्का लागणार नसेल आणि सर्वजण ठणठणीत असतील, तर रद्दीकरणाचा भाग सोडून केवळ वैद्यकीय पॉलिसी घेणे शहाणपणाचेच ठरते. आपल्या घरातील परिस्थिती वेगळी आहे. आपण दोन्ही भाग घ्यावेत, असे मी सुचवीन.

कंपनीने देऊ केलेला विमा सोयीचा असतो, आणि त्याचा हप्ता वयावर नव्हे तर भाड्यावर ठरत असेल, तर ज्येष्ठांना तो स्वस्तही पडतो. परंतु त्यातील वैद्यकीय संरक्षणाची मर्यादा अनेकदा कमी असते आणि आपण स्वतंत्रपणे काढलेली विमानाची तिकिटे त्यात येत नाहीत. बाहेरची पॉलिसी पाहताना क्रूझचा स्पष्ट समावेश आहे का, हे विचारावे. काही पॉलिसींत क्रूझसाठी जादा हप्ता भरून वेगळे कलम जोडून घ्यावे लागते. ते नसेल तर दावा तेथेच संपतो. मार्गावरील प्रत्येक देश संरक्षणात असावा. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातील अनेक देशांसाठी चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते म्हणून अनेक जण तेवढ्याच रकमेची पॉलिसी घेतात. ती व्हिसापुरती ठीक आहे, समुद्रावरून रुग्णाला हलवण्यासाठी ती अपुरी पडू शकते.

पतींच्या आजाराबद्दल एकही गोष्ट लपवू नये. अँजिओप्लास्टीची तारीख, चालू औषधे, अलीकडे बदललेले डोस, सांगितलेली पण अजून न केलेली तपासणी, हे सर्व अर्जात लिहावे. काही पॉलिसींत खरेदीपूर्वीच्या ठरावीक काळात, साधारणपणे ६० ते १८० दिवसांत, आजार स्थिर होता का ते पाहतात, आणि डोस बदलला असेल तरी तो अस्थिर धरला जाऊ शकतो. काही देशांत पहिली रक्कम भरल्यापासून १४ ते २१ दिवसांत पॉलिसी घेतली, तर पूर्वीच्या आजारांना भरपाईतून वगळण्याची अट लावली जात नाही. इतरत्र प्रश्नावली भरून जादा हप्ता द्यावा लागतो. दोन्ही ठिकाणी विम्याचा विचार बुकिंगच्या आठवड्यातच करावा. रद्दीकरणाचे संरक्षण पॉलिसी घेतल्यापासूनच सुरू होते, त्यामुळे निघण्याच्या आठवडाभर आधी घेतलेली पॉलिसी त्या आधीच्या महिन्यांतील आजारपणाला उपयोगी पडत नाही. घरी राहणारे वृद्ध आई-वडील आजारी पडल्यास सहल रद्द करण्याचा खर्च मिळतो का आणि त्यांच्या आजारांची माहिती द्यावी लागते का, तेही विचारून घ्यावे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. विमा कंपनीचा चोवीस तासांचा मदत क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक दोघांच्याही पाकिटात कागदावर लिहून ठेवावा, कारण रुग्णाला हलवण्यापूर्वी त्या क्रमांकावर कळवून मंजुरी घ्यावी लागते. स्वतःच व्यवस्था करून नंतर बिले पाठवणाऱ्यांचे दावे याच मुद्द्यावर अडतात.

प्रश्न : आमच्या जहाजाने वादळामुळे दोन बंदरे गाळली. जहाज कंपनीने किरकोळ रक्कम खात्यात जमा केली आणि विमा कंपनीने दावा सरळ नाकारला. ही फसवणूक नाही का?

उत्तर : आपली निराशा मी समजू शकतो, ज्या बंदरासाठी सहल निवडली तेच वगळले गेले, तर मन खट्टू होणारच. तरीही आपण लिहिलेल्या तपशिलावरून यात फसवणूक दिसत नाही. सुरक्षिततेसाठी मार्ग बदलण्याचा किंवा बंदर गाळण्याचा अधिकार तिकिटाच्या करारात जहाजाकडे राखून ठेवलेला असतो. अशा वेळी त्या बंदराचे शुल्क आणि कंपनीमार्फत घेतलेल्या किनारा सहलीचे पैसे बहुधा परत मिळतात, भाडे मिळत नाही. बाहेरून ठरवलेल्या सहलीचे पैसे त्या आयोजकाच्या अटींवर अवलंबून असतात.

बहुतेक पॉलिसी जी कारणे लिहून दिलेली असतात त्यांच्यासाठीच पैसे देतात. गाळलेल्या प्रत्येक बंदरासाठी ठरावीक रक्कम देणारे कलम काही क्रूझ पॉलिसींत असते. ते आपल्या पॉलिसीत आहे का, ते प्रथम शोधावे. दुसरा मुद्दा तारखेचा. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर मानला जातो आणि त्या काळात त्या भागातील भाडी बऱ्याचदा उतरलेली असतात. वादळाला नाव दिले गेल्यानंतर पॉलिसी घेतली, तर ते वादळ आधीच माहीत असलेली घटना ठरते आणि त्याचा दावा मिळत नाही. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधील एयाफ्यादलायोकुत्ल ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातील विमाने कित्येक दिवस बंद राहिली, तेव्हाही उद्रेकानंतर पॉलिसी घेणाऱ्यांपुढे हीच अडचण होती. युद्धजन्य परिस्थिती बहुतेक पॉलिसींच्या अपवादांत असते; तांबड्या समुद्रात जहाजांवर झालेल्या हल्ल्यांनंतर २०२४ मध्ये काही जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली, त्या बदललेल्या मार्गांसाठी विम्यावर विसंबता आले नसते.

आपण आता विमा कंपनीकडून नकाराचे कारण कलमाच्या क्रमांकासह लेखी मागावे. जहाज कंपनीकडून बंदराचे नाव, तारीख आणि गाळण्याचे कारण सांगणारे पत्र घ्यावे. कलमात बंदर गाळल्याचा लाभ असेल आणि पॉलिसी वादळाच्या आधीची असेल, तर फेरविचारासाठी अर्ज करावा, आणि तोही नाकारला गेला तर विमा तक्रार निवारण यंत्रणेकडे जावे. यापैकी एकही गोष्ट आपल्या बाजूने नसेल, तर त्यामागे आणखी वेळ व पैसा घालवू नये, असे मी सुचवीन.

प्रश्न : मी एकटीच प्रवास करते, वय तिशीचे आहे, प्रकृती चांगली आहे. एकट्या व्यक्तीकडून दुप्पट भाडे का घेतात? आणि माझ्या क्रेडिट कार्डासोबत प्रवास विमा आहे, तो पुरेल का?

उत्तर : केबिनचा दर दोघांच्या हिशेबाने ठरलेला असतो, त्यामुळे एकट्या प्रवाशाला रिकाम्या जागेचे पैसे पूर्णपणे किंवा अंशतः भरावे लागतात. काही जहाजांवर एकट्यासाठी लहान केबिन असतात, पण त्या थोड्या असल्याने लवकर संपतात. ज्या फेऱ्यांची विक्री कमी झाली आहे, त्यांवर हे अतिरिक्त भाडे कमी केले जाते, म्हणून तारखांबाबत थोडी लवचीकता ठेवता आली तर फायदा होतो.

कार्डाच्या विम्याची पुस्तिका मागवून तीन गोष्टी तपासा : सहलीचे पैसे त्याच कार्डाने भरण्याची अट आहे का, परदेशातील आजारपणाचे उपचार त्यात येतात का, आणि रुग्णाला हलवण्याच्या खर्चाची मर्यादा किती आहे. अनेक कार्डांचे संरक्षण अपघाती मृत्यू, सामान आणि उशीर एवढ्यापुरतेच असते. तसे असेल तर स्वतंत्र वैद्यकीय पॉलिसी घ्या; आपल्या वयाला तिचा हप्ता कमीच असतो. रद्दीकरणाचे संरक्षण आपल्याला सोडून देता येईल, मात्र बुडणारी रक्कम आपल्याला सहज सोसणारी हवी. एकट्या प्रवाशाबाबत आणखी एक कलम पाहावे : आपण रुग्णालयात दाखल झालात, तर घरच्या एका व्यक्तीला आपल्यापर्यंत आणण्याचा व तिच्या राहण्याचा खर्च काही पॉलिसी देतात. थोड्या जादा हप्त्यात ते मिळत असेल, तर अवश्य घ्या आणि ती व्यक्ती कोण असेल ते घरी आधीच ठरवून तिच्याकडे पॉलिसीची प्रत ठेवा. तिचा पासपोर्ट चालू आहे ना, तेही त्याच वेळी पाहून घ्या.